वळिवडे छावणी : पंचगंगेकाठच्या पोलिश वसाहतीची वाटचाल

कोल्हापूरहून मिरजेकडे जाणारी पॅसेंजर गूळ मार्केट स्टेशन सोडून पुढे सरकली की वळिवडे येते. लहानसे स्टेशन, गाडी थांबते न थांबते तोच सुटते. जवळच गांधीनगरची घाऊक कापडपेठ आहे. सांगली, बेळगाव, रत्नागिरीकडचे दुकानदार लग्नसराईच्या आधी येथे गठ्ठे बांधायला येतात. या पेठेच्या पोटात एक जुनी वसाहत दडली आहे. १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश माणसे येथे राहत होती. त्यात बहुसंख्य स्त्रिया आणि मुले होती. सरकारी कागदांत तिचा उल्लेख निर्वासितांची छावणी असा असे. आसपासच्या गावांत ती 'पोलंडची छावणी' किंवा नुसतेच 'कॅम्प' म्हणून ओळखली गेली. राहणाऱ्यांनी मात्र तिला 'ओसिएद्ले' म्हटले. या पोलिश शब्दाचा अर्थ वसाहत, वस्ती.

हा शब्द त्यांनी जाणीवपूर्वक निवडला असणार. त्या वर्षांत पोलंडमध्ये 'छावणी' हा शब्द उच्चारणेही अवघड झाले होते. जर्मनीने व्यापलेल्या त्या भूमीवर ऑशविट्झ-बिर्केनाऊ, ट्रेब्लिंका, सोबिबोर, बेउझेत्स, खेउम्नो आणि मायदानेक या सहा ठिकाणी माणसे मारण्याचे कारखाने चालू होते. एकट्या ऑशविट्झमध्ये सुमारे अकरा लाख माणसांचा जीव गेला, त्यातील बहुतेक ज्यू होते. पूर्वेकडे सोव्हिएत संघाच्या श्रमछावण्यांचे जाळे पसरले होते. वळिवड्याला आलेले लोक त्या दुसऱ्या जाळ्यातून सुटलेले होते. त्यामुळे या वसाहतीची हकिगत कोल्हापुरापासून सुरू करता येत नाही. तिची सुरुवात सैबेरियाकडे निघालेल्या मालगाड्यांपासून होते.

१ सप्टेंबर १९३९ रोजी जर्मनीने पश्चिमेकडून पोलंडवर चाल केली. १७ सप्टेंबरला सोव्हिएत फौजा पूर्वेकडून शिरल्या आणि देशाचे दोन तुकडे झाले. सोव्हिएत वाट्याला आलेल्या भागातून फेब्रुवारी १९४० पासून कुटुंबेच्या कुटुंबे उचलली जाऊ लागली. पहिली मोठी लाट १० फेब्रुवारीच्या कडाक्याच्या थंडीत आली. पहाटे दार ठोठावायचे, सामान बांधायला जेमतेम अर्धा तास द्यायचा आणि मालगाडीच्या डब्यात भरून पाठवून द्यायचे, असा क्रम होता. त्यानंतर एप्रिल आणि जून १९४० मध्ये, शेवटी जून १९४१ मध्ये अशा आणखी तीन लाटा आल्या. सैनिक, शेतकरी, वनरक्षक, शिक्षक, सरकारी नोकर आणि त्यांचे घरदार अर्खांगेल्स्कच्या जंगलांत, सैबेरियात आणि कझाकस्तानच्या गवताळ प्रदेशात नेऊन टाकले गेले. अशांची संख्या लाखांत जाते. लाकूडतोडीत, खाणीत आणि सामुदायिक शेतावर त्यांना राबवले गेले. भुकेने, थंडीने आणि टायफसने घरातली माणसे एकामागून एक गेली. पुढे जी मुले वळिवड्याच्या शाळेत बाकावर बसली, त्यांतल्या अनेकांनी आई, बाप किंवा धाकटे भावंड तेथेच मातीत ठेवले होते.

जून १९४१ मध्ये हिटलरने सोव्हिएत संघावर हल्ला केला आणि पट उलटला. ३० जुलै १९४१ रोजी लंडनमधील निर्वासित पोलिश सरकार आणि सोव्हिएत संघ यांच्यात करार झाला. ऑगस्टमध्ये पोलिश कैद्यांना 'माफी' जाहीर झाली. कोणताही गुन्हा न केलेल्यांना माफी कशाची, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला. पण त्या एका शब्दाने छावण्यांची दारे उघडली. जनरल वादिस्वाव आंडर्स यांनी सैन्य उभारायला घेतले. त्या सैन्याच्या मागोमाग बायका-मुले, म्हातारी माणसे हजारो मैल दक्षिणेकडे चालू लागली. १९४२ च्या मार्च-एप्रिलमध्ये आणि पुन्हा ऑगस्टमध्ये कॅस्पियन समुद्र ओलांडून एक लाखाहून अधिक पोलिश माणसे इराणच्या पहलवी बंदरात उतरली. त्यांत सैनिक नसलेले नागरिक चाळीस हजारांच्या घरात होते. अनेकांची ताकद तेथपर्यंतच टिकली. तेहरानच्या दुलाब कब्रस्तानात एकोणीसशेहून अधिक पोलिश कबरी आहेत. त्यांपैकी बहुतेक १९४२ सालच्या आहेत.

या लोंढ्याला ठेवायचे कोठे, हा दोस्तराष्ट्रांपुढचा प्रश्न होता. इराणमध्ये अन्नाची टंचाई होती आणि तेथे ब्रिटिश व सोव्हिएत फौजा तळ ठोकून होत्या. शेवटी माणसे वाटली गेली. काही पूर्व आफ्रिकेला, काही मेक्सिकोला, पुढे काही मुले न्यूझीलंडला गेली. भारताचा वाटा मोठा ठरला. याच वाटेवर 'तेहरानची मुले' म्हणून ओळखली गेलेली पोलिश ज्यू मुलेही होती. १९४३ च्या जानेवारीत त्यांना बोटीने कराचीला आणले गेले आणि तेथून सुएझमार्गे पॅलेस्टाइनला पोहोचवले गेले.

भारतात पहिले दार उघडले ते नवानगरच्या जामसाहेबांनी. हे जामसाहेब दिग्विजयसिंहजी त्या वेळी संस्थानिकांच्या नरेंद्र मंडळाचे कुलपती होते. अश्गाबादहून मशहद, झाहेदान, क्वेटा अशा खडतर रस्त्याने मालमोटारींतून आलेली अनाथ मुले १९४२ च्या वसंतात मुंबईत पोहोचली. काही महिने त्यांना वांद्र्याला ठेवले गेले. पुढे जामनगरजवळ बालाचडी येथे जामसाहेबांनी त्यांच्यासाठी वसाहत बांधली. मुंबईतील पोलंडचे महावाणिज्यदूत यूजेनियुश बानासिन्स्की आणि त्यांच्या पत्नी कीरा यांनी या सगळ्या कामाला हात घातला. देणग्या जमवणे, डॉक्टर आणि कपडे मिळवणे, अधिकाऱ्यांच्या मागे लागणे हे कीराबाईंचे काम होते. भारतातील पोलिश मुलांच्या आठवणींत हे नाव पुन्हा पुन्हा येते. युद्ध संपल्यावरही त्या मायदेशी परतल्या नाहीत, भारतातच राहिल्या.

बालाचडीत मुलांची सोय झाली, पण हजारो स्त्रिया आणि कुटुंबे अजून इराणात अडकली होती. त्यांच्यासाठी मोठी जागा हवी होती. भारत सरकारने कॅप्टन ए. डब्ल्यू. टी. वेब यांना निर्वासितांच्या कामाचे प्रमुख अधिकारी नेमले होते. पाहणीत कोल्हापूर संस्थानातील वळिवड्याची जागा पसंत पडली. हवा मध्यम, उन्हाळा सोसण्याजोगा, पंचगंगेचे पाणी हाताशी आणि रेल्वे दारात. रेल्वेची ही सोय तर पन्नास वर्षांपूर्वीच झालेली होती. कोल्हापूर-मिरज मार्ग १८९१ मध्ये सुरू झाला होता. खर्च लंडनमधील पोलिश सरकारने उचलला, जागा व सहकार्य संस्थानाने दिले आणि देखरेख भारत सरकारची राहिली.

येथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. वळिवड्याचे श्रेय आजकाल एखाद्या छत्रपतींच्या एकट्याच्या नावावर मांडले जाते. पण कोल्हापूरच्या राजाराम महाराजांचे १९४० मध्येच निधन झाले होते. गादीवर दत्तक घेतलेले अल्पवयीन शिवाजी महाराज होते आणि कारभार महाराणी ताराबाईंच्या रीजन्सीकडे होता. शहाजी महाराज १९४७ मध्ये गादीवर आले, तेव्हा छावणी आवरती घेण्याचे दिवस होते. म्हणजे आश्रय देण्याचा निर्णय एका अल्पवयीन राजाच्या नावाने संस्थानाच्या कारभाऱ्यांनी घेतला आणि पुढच्या राजवटीने तो निभावला. श्रेय यामुळे कमी होत नाही, ते अधिक हातांत वाटले जाते.

१९४३ च्या मध्यापासून माणसे येऊ लागली. इराणातून कराचीला, कराचीहून मुंबईला आणि तेथून आगगाडीने कोल्हापूरला, असा मुख्य मार्ग होता. मुंबईहून निघालेली गाडी कर्जतला थांबे. मागून बँकर इंजिने जोडली जात आणि गाडी बोरघाट चढू लागे. खंडाळ्याचे बोगदे, खाली धुक्यात हरवलेल्या दऱ्या, मग लोणावळा. लोणावळ्यापासून गाडी मावळात उतरे : कामशेत, वडगाव, तळेगाव. भातखाचरांचा हा मुलूख पावसाळ्यात नुसता हिरवागार असतो. बर्फाचे मैदान आणि इराणचे वाळवंट पाहून आलेल्या डोळ्यांना सह्याद्रीचा हा पहिला देखावा खिडकीतून दिसला. पुण्याला ब्रॉडगेजचा टप्पा संपे. तेथे सामान उतरवून मीटरगेजच्या गाडीत बसायचे आणि जेजुरी, कऱ्हाड, मिरज करत वळिवडे गाठायचे. पुणे-कोल्हापूर मार्ग ब्रॉडगेज झाला तो १९७१ मध्ये. रुकडीजवळ पंचगंगेचा पूल ओलांडला की प्रवास संपे.  

त्याच सुमारास महाराष्ट्रात बंदिशाळाही होत्या. पुण्यात आगाखान पॅलेसमध्ये महात्मा गांधी ऑगस्ट १९४२ पासून कैदेत होते. अहमदनगरच्या किल्ल्यात नेहरू, पटेल, मौलाना आझाद होते. पुरंदर किल्ल्यावर जर्मन नागरिकांना स्थानबद्ध करून ठेवले होते. विचित्र भाग असा की युद्धाच्या सुरुवातीला हिटलरच्या छळातून पळून आलेले काही ज्यूसुद्धा 'शत्रूचे नागरिक' म्हणून पकडले गेले होते. सातारा जिल्ह्यात नाना पाटलांचे प्रतिसरकार आकाराला येत होते. म्हणजे ज्या इंग्रजी सत्तेने येथल्या लोकांना तुरुंगात टाकले, तिच्याच मेहेरबानीने आलेल्या परक्यांना येथल्या लोकांनी शेजारी म्हणून सामावून घेतले. धान्याचे रेशनिंग होते, त्या वर्षी बंगालात दुष्काळाने लाखो माणसे मरत होती. तरीही वळिवड्याचा बाजार त्या बायकांसाठी उघडा राहिला. हा मोठेपणा सामान्य माणसांचा आहे, याची नोंद सरकारी अहवालात शोधून सापडायची नाही.

छावणीची रचना साधी होती. दगडी जोत्यावर लांबच लांब बराकी, बांबूच्या चटयांच्या भिंती, वर कौले. प्रत्येक बराक आडव्या भागात तोडून कुटुंबांची घरे केलेली. एका घराला दोन लहान खोल्या, पुढे ओटा, मागे स्वयंपाकाची जागा. खिडकीला काच नसे, चटईचा झापा असे. तो दोरीने वर बांधला की उजेड, सोडला की अंधार. खाटा, मच्छरदाण्या आणि कोळशाची शेगडी हे घरातले मुख्य सामान. भिंती इतक्या पातळ की शेजारच्या घरातला खोकला ऐकू येई, आणि रात्री कोणी रडले तर तेही.

पहिला पावसाळा जड गेला. कोल्हापूरचा पाऊस तसा ओळखीच्या माणसालाही कंटाळा आणतो. येथे तर चटयांतून ओल आत येई आणि कपड्यांना बुरशी चढे. हिवताप घरोघर होता. साप ओट्याखाली निघत आणि मुले किंचाळत. थंडीची सवय असलेल्या बायका एप्रिलच्या उन्हात हैराण होत. अंगात आधीच सैबेरियाचे आजार मुरलेले होते. क्षयाच्या मुलांना हवापालटासाठी पाचगणीला पाठवले जाई. कोल्हापूरच्या ख्रिश्चन दफनभूमीत एका कडेला पोलिश कबरी आहेत. इतके सगळे सोसून शेवटी येथे येऊन गेलेली माणसे तेथे आहेत, त्यांत लहान मुलेही आहेत.

परंतु वर्षभरात जागेचे रूप पालटले. ओट्यापुढे फुलांचे वाफे आणि भाज्यांच्या बागा झाल्या, वेल चढले. बालवाडी, प्राथमिक शाळा, माध्यमिक विद्यालय, व्यापारी आणि हस्तकलेचे शिक्षण अशी संपूर्ण पोलिश शिक्षणव्यवस्था उभी राहिली. पुस्तकांची फार टंचाई होती. शिक्षिका पाठ्यपुस्तकांतले धडे आठवून लिहून काढत आणि मुले ते वह्यांत उतरवत. अनेक मुलांच्या शाळेची चार वर्षे बुडालेली होती, त्यामुळे एकाच वर्गात वयाने फार मागेपुढे असलेली मुले बसत. तरी विद्यालयातून मॅट्रिकच्या बरोबरीच्या परीक्षा झाल्या, मुले पुढे गेली. चर्च झाले. दवाखाना, अनाथालय, वाचनालय, सहकारी दुकान, नाटकाचा रंगमंच, गाण्याचा संघ झाला. बालवीर आणि वीरबालांची पथके तर छावणीचा कणाच बनली. शेकडो मुले त्यांत होती. ती रानात तंबू ठोकत, पंचगंगेत पोहत, डोंगर चढत. मुंबईहून पोलिश भाषेतले नियतकालिक येई. मायदेशाची बातमी त्यातून आणि रेडिओवरून मिळे.

बाजाराचा भाग विशेष सांगण्याजोगा. प्रत्येक कुटुंबाला महिन्याचा भत्ता मिळे आणि त्यातून स्वतः खरेदी करून स्वतःचा स्वयंपाक करायचा असे. सैबेरियात मोजून मिळालेल्या पावाच्या तुकड्यावर जगलेल्या बाईला आपल्या हाताने भाजी निवडून घेता येणे, घासाघीस करता येणे, ही साधी बाब नव्हती. वळिवडे, उचगाव, रुकडीकडचे भाजीवाले, दूधवाले, अंडीवाले, शिंपी, धोबी सकाळपासून बराकींच्या गल्ल्यांत हिंडत. थोड्याच दिवसांत त्यांना पोलिश आकडे तोंडपाठ झाले. अंडी, दूध, बटाटे यांची पोलिश नावे ते मोठ्याने पुकारत, आणि उत्तरादाखल समोरून मोडक्यातोडक्या मराठीत भाव पाडला जाई. छावणीतल्या लोकांच्या आठवणींत हे फेरीवाले जवळपास सगळीकडे आहेत. ज्यांचे एकही नाव इतिहासात राहिले नाही अशा या मंडळींनी पाच वर्षे ही वसाहत जेवती ठेवली.

नाताळच्या आदल्या संध्याकाळी पहिला तारा दिसेपर्यंत उपवास करायचा आणि मग टेबलक्लॉथखाली गवत पसरून जेवायला बसायचे, अशी पोलिश रीत आहे. वळिवड्यातही ताऱ्याची वाट पाहिली गेली. फक्त बर्फ नव्हते, आणि डिसेंबरच्या निरभ्र आभाळात तारा लवकर दिसे. टेबलावर एक ताट न आलेल्या पाहुण्यासाठी रिकामे ठेवायचे असते. या छावणीत न आलेली माणसे बहुतेक घरांत होती.

कारण पुरुष दूर होते. ज्यांचे पती, बाप, भाऊ आंडर्सच्या सैन्यात गेले, ते इराक-पॅलेस्टाइनमार्गे इटलीत लढत होते. १८ मे १९४४ रोजी पोलिश सैनिकांनी मोंते कासिनोचा मठ जिंकला. त्याच डोंगरावर त्याआधी फेब्रुवारी-मार्चमध्ये चौथ्या भारतीय डिव्हिजनने रक्त सांडले होते. इटलीतच १० जुलै १९४४ रोजी मराठा लाइट इन्फंट्रीचे नाईक यशवंत घाडगे पडले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीवर शिपाई नामदेव जाधवांनी तोच मान मिळवला, आणि त्याच दिवशी त्याच नदीवर पोलिश कोरनेही हल्ला चढवला होता. इकडे एकाच जिल्ह्यात, एका बाजूला कौलारू घरात मराठा सैनिकाची बायको आणि दुसऱ्या बाजूला चटईच्या घरात पोलिश सैनिकाची बायको, दोघी इटलीच्या टपालाची वाट पाहत होत्या.

काहींची वाट मात्र आधीच संपली होती, आणि ते त्यांना कळायला वेळ लागला. १९४० च्या वसंतात सोव्हिएत गुप्त पोलिसांनी सुमारे बावीस हजार पोलिश अधिकारी आणि नागरिकांना गोळ्या घातल्या होत्या. कातिनच्या जंगलातील सामूहिक कबरी एप्रिल १९४३ मध्ये उघड झाल्या. पोलिश सरकारने चौकशीची मागणी केली म्हणून सोव्हिएत संघाने त्याच्याशी संबंध तोडले. वळिवड्याची छावणी उघडली ती नेमक्या याच दिवसांत. ज्यांच्या पत्राला उत्तर येत नव्हते, अशा काही बायकांना त्या वर्षात कधीतरी मृतांच्या यादीत आपल्या माणसाचे नाव सापडले.

पुढचा आघात लढाईने नव्हे, तहाने झाला. फेब्रुवारी १९४५ च्या याल्टा परिषदेत पोलंडचा पूर्व भाग सोव्हिएत संघाकडे राहणार हे ठरले. वळिवड्यातल्या बहुतेकांची गावे तेथेच होती. युद्ध जिंकले आणि घर हरले, अशी त्यांची अवस्था झाली. ५ जुलै १९४५ रोजी ब्रिटनने वॉर्सातील नव्या सरकारला मान्यता दिली आणि लंडनमधल्या पोलिश सरकारची काढून घेतली. छावणीचा खर्च ज्याच्या नावावर चालत होता, त्याचे अस्तित्वच कागदोपत्री संपले. काही काळ ब्रिटिशांनी नेमलेल्या समितीने आणि पुढे संयुक्त राष्ट्रांच्या मदत संघटनेने व्यवहार सांभाळला. भत्ते कमी झाले, भविष्य धूसर झाले. परत जायचे का, आणि गेलो तर कोठे, हा प्रश्न प्रत्येक घरात होता. थोडे लोक पोलंडला परतले. १९४६ मध्ये बालाचडी बंद झाली आणि तेथली मुले वळिवड्याला आली, त्यामुळे शेवटच्या दोन वर्षांत ही वसाहत पुन्हा गजबजली.

शाळा मात्र बंद पडल्या नाहीत. ज्या देशात परत जायचे की नाही हे ठाऊक नाही, त्याचा इतिहास आणि भूगोल या मुलांना शेवटच्या दिवसापर्यंत शिकवला गेला. वळिवड्याच्या शिक्षिकांचे हे काम या साऱ्या वाटचालीत सर्वांत वर ठेवावे लागेल.

१५ ऑगस्ट १९४७ रोजी भारत स्वतंत्र झाला. ब्रिटनमध्ये त्याच वर्षी पोलिश पुनर्वसनाचा कायदा झाला आणि सैनिकांच्या कुटुंबीयांना तेथे जाण्याची वाट खुली झाली. १९४८ च्या सुरुवातीच्या महिन्यांत बहुतेक जण ब्रिटनकडे निघाले. काही पूर्व आफ्रिकेला, काही ऑस्ट्रेलिया, अमेरिका आणि कॅनडाकडे गेले. वळिवडे स्टेशनावर निरोपाच्या गाड्या सुटल्या आणि पुन्हा पुणे, मावळ, लोणावळा, घाट असा प्रवास उलट्या दिशेने झाला. ज्यांनी ही वाट येताना आईचा हात धरून पाहिली, ती मुले आता पंधरा-सतरा वर्षांची झाली होती. काही तरुणींनी येथेच लग्ने केली. त्यांतली एक कोल्हापूरची सून झाली आणि मराठी होऊन आयुष्यभर कोल्हापुरातच राहिली.

बराकी रिकाम्या राहिल्या नाहीत. फाळणीने सिंधमधून निघालेल्या हिंदू कुटुंबांना ठेवायला जागा हवीच होती. पोलिश माणसे ज्या कराचीमार्गे आली, त्याच कराचीच्या आसपासची ही माणसे होती. एका उखडलेल्या समाजाने सोडलेल्या चटयांच्या घरांत दुसऱ्या उखडलेल्या समाजाने चूल मांडली. वस्तीला गांधीनगर हे नाव पडले. पहिल्या वर्षांत या लोकांनी डोक्यावर गठ्ठे घेऊन खेडोपाडी कापड विकले. बघता बघता दुकाने झाली, पेठ झाली, आणि दक्षिण महाराष्ट्रापासून कोकणापर्यंत तिचा दबदबा झाला. चटया गेल्या, विटा आल्या. जुन्या बांधकामाचे तुकडेच आता शिल्लक आहेत.

पोलिश बाजूची आठवण दीर्घ काळ गप्प राहिली. कम्युनिस्ट पोलंडमध्ये सैबेरियाच्या हद्दपारीबद्दल बोलण्याची सोय नव्हती. कातिनचा दोष जर्मनांवर ढकललेला होता, तेथे वळिवड्याची कथा सांगायची तर ती मुळापासून सांगावी लागली असती. परदेशात गेलेल्यांनी मात्र धागा सोडला नाही. लंडनमध्ये 'भारतातील पोलिश लोकांचे मंडळ' स्थापन झाले. मेळावे भरू लागले, फोटो, वह्या, शाळेचे दाखले जमा झाले. १९८९ नंतर पोलंडमध्येही मोकळेपणाने भेटता येऊ लागले. जगभर विखुरलेल्या सभासदांच्या आठवणी आणि कागदपत्रे यांतून या मंडळाने २००० मध्ये पोलिश भाषेत भला मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. २००९ मध्ये त्याचे इंग्रजी भाषांतर निघाले. वळिवड्याबद्दल आज जे तपशील सांगता येतात, त्यातला मोठा भाग या वृद्धांच्या चिकाटीची देणगी आहे.

१९९८ मध्ये कोल्हापूरच्या महावीर उद्यानात पोलिश निर्वासितांच्या कृतज्ञतेचा स्मृतिस्तंभ उभा राहिला. वॉर्सात जामसाहेबांच्या नावाने शाळा चालते आणि 'चांगल्या महाराजांचा चौक' आहे. कोल्हापूरच्या स्मरणार्थही तेथे शिलालेख बसवण्यात आला. सप्टेंबर २०१९ मध्ये छावणीत वाढलेली काही माणसे कोल्हापूरला आली. त्या वेळी वळिवड्यातही स्मारकाचे अनावरण झाले आणि संग्रहालयाचा विचार पुढे आला. ऐंशी-नव्वदीतली ही पाहुणे मंडळी जुन्या जागी फिरली, आणि काहींना अजून मराठी आकडे येत होते. २१ ऑगस्ट २०२४ रोजी भारताच्या पंतप्रधानांनी वॉर्सातील जामसाहेबांच्या आणि कोल्हापूरच्या स्मारकांवर पुष्पचक्रे वाहिली. दुसऱ्या दिवशी कोल्हापूरच्या वर्तमानपत्रांत वळिवड्याचे नाव आले. अनेक तरुण वाचकांनी ते नाव पोलंडच्या संदर्भात पहिल्यांदाच वाचले असेल.

वळिवडे स्टेशनवर त्या दिवशीही पॅसेंजर नेहमीप्रमाणे थांबली. कापडाचे गठ्ठे घेऊन माणसे चढली, आणि गाडी रुकडीच्या पुलाकडे निघाली.